जुनाट कंबरदुखी आणि पीआरपी: सुई टोचायची कुठे? एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ४१ वर्षांच्या शिक्षिका. दिवसाचे पाच-सहा तास उभे राहण्याचे काम. ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. अडीच वर्षांपूर्वी जिना उतरताना पायरी चुकली आणि त्या डाव्या कुल्ल्यावर जोरात आपटल्या. हाड मोडले नव्हते. आठ-दहा दिवसांत ठणका कमी झाला, पण कमरेच्या डाव्या बाजूला खाली एक दुखरी जागा राहिली ती राहिलीच. पुढे बसून उठताना, अंथरुणात कूस बदलताना आणि डाव्या कुल्ल्यावर भार देऊन बसल्यावर कळ येऊ लागली. कधी कधी ती मांडीच्या मागच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरे, त्याखाली नाही.

या काळात बरेच उपचार झाले होते. वेदनाशामक गोळ्या, कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन, शेक, पाठीचे ठरावीक व्यायाम आणि मणक्यातले एक एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शन. त्या इंजेक्शनने जेमतेम आठवडाभर बरे वाटले. एमआरआयमध्ये कमरेच्या तळाच्या मणक्यांमधल्या एल-४/एल-५ आणि एल-५/एस-१ या दोन गाद्यांमधले पाणी कमी झालेले दिसत होते. खालच्या गादीच्या मागच्या कडेला चीर होती आणि त्या जागी पांढरा ठिपका चमकत होता. अहवालाच्या आधारे त्यांना एके ठिकाणी ‘दोन्ही गाद्यांत पीआरपी घ्या’ असा सल्ला मिळाला. तो घेऊन त्या दुसरे मत विचारायला आल्या.

आल्या तेव्हा वेदनेचा गुण १० पैकी ७ होता आणि ऑस्वेस्ट्री अपंगत्व निर्देशांक ४६ टक्के. कंबरदुखीमुळे रोजच्या कामांत किती अडथळा येतो ते हा निर्देशांक सांगतो; आकडा जितका मोठा तितकी अडचण जास्त.

पीआरपी म्हणजे काय, थोडक्यात

रुग्णाचेच रक्त काढायचे, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे आणि प्लेटलेट दाट असलेला प्लाझ्मा वेगळा करून दुखऱ्या जागी टोचायचा, इतकी ही सरळ कृती आहे. प्लेटलेटच्या आतल्या अल्फा कणिकांमध्ये पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ यांसारखे वाढ घटक साठलेले असतात. जखम भरण्याची सुरुवात हे घटक करून देतात. रक्तात प्लेटलेट सहसा दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. मूळ पातळीच्या तीन ते पाचपट, किंवा १० लाखांच्या आसपास, प्लेटलेट असतील तर त्या द्रवाला पीआरपी म्हणावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रत्यक्षात ही मोजणी बऱ्याच ठिकाणी होतच नाही. या प्रकरणात तिच्यामुळेच एक मोठी चूक टळली.

अडचण

‘पीआरपी करायचे का?’ हा प्रश्न घेऊन रुग्ण आल्या होत्या. दुखणे नेमके कुठून येते आहे, हे मात्र तोवर कोणी तपासलेच नव्हते. गादी, मणक्यामागचे फॅसेट सांधे आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला कटीच्या हाडाशी जोडणारा एसआय सांधा, या तिन्ही जागांची वेदना साधारण एकाच पट्ट्यात जाणवते. एमआरआयमध्ये गादी चटकन नजरेत भरते, म्हणून खापर तिच्यावर फुटते.

कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार चाळिशीतल्या निरोगी लोकांपैकी ६८ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात आणि २२ टक्के जणांच्या गादीला चीर असते. म्हणजे या रुग्णाच्या एमआरआयमधला एकही दोष केवळ त्याच्याच जोरावर वेदनेचे कारण ठरत नव्हता.

तपासणीत वेगळेच चित्र दिसले. ‘एका बोटाने जागा दाखवा’ म्हटल्यावर त्यांनी डाव्या बाजूला कमरेच्या खळीच्या किंचित खाली आणि आत बोट ठेवले. दोनदा विचारले, दोन्हीदा बोट तिथेच. एल-५ मणक्याच्या वर दुखणे नव्हतेच. पाय सरळ उचलण्याची चाचणी दोन्हीकडे ८० अंशांपर्यंत विनावेदना झाली. बधिरपणा नव्हता, ताकद आणि घोट्याचे प्रतिक्षेप शाबूत होते. पुन्हा पुन्हा मागे वाकायला लावल्यावर वेदना मध्याकडे सरकली नाही. गादीच्या दुखण्यात ती बऱ्याचदा सरकते. एसआय सांध्यावर ताण देणाऱ्या पाच चाचण्यांपैकी चार डाव्या बाजूला सकारात्मक आल्या: मांडीतून मागे दाब, कुशीवर निजवून दाब, त्रिकास्थीवर दाब आणि गेन्सलेनची चाचणी. तीन किंवा अधिक सकारात्मक आल्या की या सांध्यावरचा संशय बळावतो. एखादीच आली तर तिला फारसा अर्थ नसतो.

पहिला निर्णय: आधी काय नाकारायचे

एसआय सांधा दुखतो म्हटल्यावर दाहक संधिवाताची शंका आधी फेडावी लागते. ४५ वर्षांच्या आत सुरू झालेले दुखणे, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी वेदना, मध्यरात्रीनंतर येणारी जाग, ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाला पीआरपी दिल्यास योग्य औषध लांबणीवर पडते आणि सांधा झिजत राहतो. या रुग्णाचे वय त्या गटात बसत होते, पण ताठरपणा पाच-दहा मिनिटांचाच होता आणि हालचालीने दुखणे वाढत होते. तरीही रक्तात दाहाच्या खुणा शोधणाऱ्या ईएसआर, सीआरपी आणि या संधिवाताशी निगडित जनुकीय खूण एचएलए-बी२७ या चाचण्या केल्या आणि एसआय सांध्यांचा एमआरआय चरबीचा संकेत दाबणाऱ्या पद्धतीने करून घेतला. रक्ताचे अहवाल सामान्य आले, हाडात सूजही दिसली नाही. ताप, वजन घटणे, लघवी-शौचावरचे नियंत्रण जाणे यांपैकी काहीच नव्हते. हिमोग्लोबिन १२.१ आणि प्लेटलेट २.३ लाख होते.

यानंतर, दुखणे याच सांध्याचे आहे का हे पाहण्यासाठी क्ष-किरणाच्या चलत्-चित्राखाली डाव्या सांध्याच्या खालच्या एक-तृतीयांश भागात २ टक्के लिग्नोकेन (भुलीचे औषध) १.५ मिलि टोचले. या सांध्यात एक-दोन मिलिच द्रव मावतो. त्याहून जास्त ढकलला तर तो पुढच्या बाजूने झिरपून नसांपर्यंत जातो, पाय तात्पुरता लुळा पडतो आणि चाचणीचा अर्थच जातो. इंजेक्शननंतर रुग्णांना दर अर्ध्या तासाने त्यांच्या तीन नेहमीच्या दुखऱ्या हालचाली करून गुण लिहायला सांगितले: खुर्चीतून उठणे, कूस बदलणे, डावीकडे भार देऊन बसणे. वेदना ७ वरून १ वर आली आणि साधारण दोन तासांनी परतली. औषधाच्या असराशी हा काळ जुळत होता.

पर्याय

*गाद्यांमध्ये पीआरपी.* मूळ सल्ला हाच होता. २०१६ मध्ये ४७ रुग्णांची एक यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत आठ आठवड्यांनी पीआरपी गटाचे दुखणे तुलनेने कमी झाले होते आणि तिचा दाखला सर्रास दिला जातो. पण त्या चाचणीतल्या रुग्णांचे दुखणे गादीचेच आहे, हे डिस्कोग्राफीने, म्हणजे गादीत रंगद्रव्य टोचून नेहमीची वेदना उठते का ते पाहून, आधी पक्के केले होते. पुढे सलाइनशी तुलना केलेल्या चाचण्यांमध्ये तो फायदा तितक्या ठामपणे पुन्हा दिसलेला नाही. धोका मात्र खरा आहे. गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात, त्यामुळे सुईबरोबर जंतू आत गेला तर शरीराची संरक्षणव्यवस्था आणि प्रतिजैविके तिथे नीट पोहोचत नाहीत. पीआरपीनंतर गादीला संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. शिवाय डिस्कोग्राफीची सुई गेलेल्या गाद्या दहा वर्षांत इतरांपेक्षा जास्त झिजल्याचे २००९ च्या एका पाठपुराव्यात दिसले. जिथून दुखणे येतच नाही त्या दोन गाद्यांसाठी ही जोखीम घेण्यात काहीच अर्थ नव्हता. हा पर्याय येथेच बाद झाला.

*एसआय सांध्यात स्टेरॉइड.* लवकर आराम देते, पण तो बहुधा काही आठवडे ते काही महिनेच टिकतो. वारंवार देणे बरे नाही.

*नसांवर रेडिओफ्रिक्वेन्सी.* एल-५ ची मागची शाखा आणि एस-१ ते एस-३ च्या बाजूच्या शाखा उष्णतेने बंद करायच्या. सांध्यामागच्या अस्थिबंधांच्या वेदनेवर ही चांगली चालते. सांध्याच्या पुढच्या भागापर्यंत तिचा असर जात नाही आणि नसा पुन्हा वाढल्या की दुखणे परतू शकते.

*एसआय सांध्यात पीआरपी.* २०१७ मध्ये ४० रुग्णांवर स्टेरॉइड आणि पीआरपी यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी पीआरपीचा गट स्पष्टपणे पुढे होता. रुग्ण थोडे, काळ छोटा. ‘आशादायक’ म्हणता येईल, ‘सिद्ध’ म्हणता येणार नाही, आणि शिक्षिकाबाईंना हे याच शब्दांत सांगितले.

*सांधा जोडण्याची शस्त्रक्रिया.* या टप्प्यावर प्रश्नच नव्हता.

*नेमका व्यायाम.* अडीच वर्षांत झालेला सगळा व्यायाम गादी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला होता. एसआय सांधा आवळून धरणारे स्नायू, म्हणजे पोटाचा आडवा खोल स्नायू, नितंबाचे मोठे व मधले स्नायू, यांच्यावर कोणी कामच केले नव्हते.

दुसरा निर्णय: इंजेक्शन आठ आठवडे पुढे

रुग्णांना इंजेक्शन लगेच हवे होते. तरीही आधी आठ आठवडे नेमका व्यायाम आणि चालताना कटीभोवती, खुब्याच्या हाडांच्या किंचित वर बसणारा पट्टा असे ठरले. नितंबाचा पूल, कुशीवर झोपून गुडघे उघडणे, हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय लांब करणे हे तीन व्यायाम आठवड्यातून पाच दिवस. एका पायावर भार देऊन उभे राहायचे नाही, ही वर्गातली सवय बदलायची. आठ आठवड्यांनी वेदना ६ आणि निर्देशांक ४२. सुधारणा खरी, पण अपुरी. या आकड्यांमुळे पुढच्या फरकाची तुलना कशाशी करायची हे स्पष्ट झाले. व्यायाम आणि इंजेक्शन एकाच दिवशी सुरू केले असते तर ते कधीच कळले नसते.

इंजेक्शनचा दिवस

ठरलेली पहिली तारीख रद्द करावी लागली. आदल्या दिवशी फोनवर औषधे तपासताना, डोके दुखले म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यांनी एक मिश्र औषधांची गोळी घेतल्याचे समजले. तिच्यात आयबुप्रोफेन होते. दाहशामक गोळ्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, म्हणून आधीचे सात ते दहा दिवस त्या बंद हव्यात. ‘पेनकिलर घेऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. सर्दीच्या, पाळीच्या, डोकेदुखीच्या गोळ्यांची नावे घेऊन विचारावे लागते. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणी थांबवू नये.

दहा दिवसांनी रक्त काढले. ६० मिलिच्या सिरिंजमध्ये ८ मिलि एसीडी-ए (रक्त गोठू न देणारे द्रावण) आणि त्यावर ५२ मिलि रक्त, हे प्रमाण. डाव्या हाताची शीर बारीक म्हणून २२ गेजची सुई वापरली गेली. रक्त थांबत थांबत आले, सहा-सात मिनिटे लागली. बारीक सुईतून ओढताना प्लेटलेटवर ताण येतो, त्या वाटेतच जाग्या होतात आणि एकमेकींना चिकटतात. तयार झालेल्या द्रवाची मोजणी केली तेव्हा प्लेटलेट भरल्या ३.१ लाख, म्हणजे मूळच्या सव्वापटीहून थोड्याच जास्त. फिरवलेल्या नळीच्या तळाशी दोन बारीक, धाग्यासारख्या गुठळ्याही दिसल्या.

इथे तिसरा निर्णय घ्यायचा होता. रुग्ण टेबलावर तयार, द्रव पिवळसर आणि दिसायला अगदी पीआरपीसारखा. मोजणी नसती तर तोच टोचला गेला असता आणि पुढे ‘पीआरपीचा उपयोग झाला नाही’ अशी नोंद झाली असती. तो टाकून दिला. हिमोग्लोबिन पुरेसे असल्याने दुसऱ्यांदा रक्त काढायला हरकत नव्हती. रुग्णांना कारण सांगून पुन्हा संमती घेतली, पाणी प्यायला दिले, हात शेकला आणि उजव्या कोपरातल्या ठळक शिरेतून १८ गेजच्या जाड सुईने दोन मिनिटांत रक्त घेतले. सिरिंज भरता भरता हलकेच उलटसुलट केली. जोरात हलवली की फेस येतो आणि पेशी फुटतात.

पहिली फेरी २०० जी वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट बलावर, १० मिनिटे. वरचा प्लाझ्मा पांढऱ्या थराच्या अलीकडेच थांबून उचलला, कारण सांध्यासाठी पांढऱ्या पेशी कमी असलेला पीआरपी हवा होता. त्या पेशींतली विकरे सांध्याचा दाह वाढवतात. दुसरी फेरी १२०० जी वर १० मिनिटे. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कृती लिहिताना ‘३००० फेरे’ असे लिहून ठेवू नये. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३००० फेऱ्यांना सुमारे १००० जी बल मिळते, १६ सेंटिमीटरच्या यंत्रात तेच १६०० च्या वर जाते. यंत्र बदलले की द्रव बदलतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटी ५ मिलि पीआरपी मिळाला. मोजणी १३.८ लाख, म्हणजे मूळच्या सहापट. मोजण्याआधी नमुना थोडा वेळ स्थिर ठेवून हलकेच मिसळला होता, कारण गुठळ्या झालेल्या प्लेटलेट यंत्र मोजत नाही. ५२ मिलि रक्तात मुळात सुमारे ११९६ कोटी प्लेटलेट होत्या. त्यांपैकी ६९० कोटी, म्हणजे जवळपास ५८ टक्के, हाती लागल्या. टोचलेल्या ४ मिलिमध्ये ५५२ कोटी.

रुग्णांना पालथे निजवून त्वचा क्लोरहेक्सिडिनने दोनदा पुसली. भूल फक्त त्वचेत आणि तिच्या लगेच खाली दिली. भुलीचे औषध सांध्यात पीआरपीबरोबर मिसळले तर प्लेटलेटचे काम मंदावते. २२ गेजची ९ सेंटिमीटरची सुई सांध्याच्या खालच्या टोकातून आत गेली, ०.३ मिलि रंगद्रव्याने सांध्याची रेघ उमटली. १.५ मिलि द्यायचे ठरले होते, पण १.२ मिलिलाच सिरिंजला दाब जाणवू लागला आणि रुग्णांनी नेहमीचीच कळ आल्याचे सांगितले. तिथेच थांबले. उरलेला २.८ मिलि सांध्यामागच्या अस्थिबंधांत तीन जागी दिला.

नंतरचे दिवस

पहिले ४८ तास घरातल्या घरात चालणे, चार आठवडे दाहशामक गोळ्या पूर्ण बंद, गरजेला पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ दिवसातून जास्तीत जास्त चारदा. दुसऱ्या आठवड्यापासून व्यायाम पुन्हा सुरू, सहा आठवडे वजन उचलायचे नाही.

तिसऱ्या दिवशी वेदना ८ वर गेली आणि ‘आधीपेक्षा वाईट झाले’ म्हणून फोन आला. पीआरपीनंतर असा भडका अपेक्षित असतो. संसर्ग मात्र त्याच्या आडून आत येऊ शकतो. म्हणून नुसता धीर देण्याऐवजी ताप मोजायला सांगितले, सुईच्या जागेचा फोटो मागवला आणि थंडी वाजते का विचारले. काहीच नव्हते. दोन रात्री ट्रॅमाडॉल ५० मिग्रॅ दिले. पाचव्या दिवसापासून ठणका उतरला. सातव्या दिवसानंतरही वेदना चढती राहिली असती किंवा ताप आला असता तर त्याच दिवशी सीआरपी करून प्रत्यक्ष तपासणी ठरलेली होती.

निष्पत्ती

सहा आठवड्यांनी वेदना ५, निर्देशांक ३८. रुग्ण निराश होत्या आणि दुसऱ्या डोसची मागणी करत होत्या. चौथा निर्णय: बारा आठवड्यांपर्यंत थांबायचे. पीआरपीचा परिणाम हळू दिसतो, आणि सहाव्या आठवड्यात दुसरा डोस दिला असता तर नंतरची सुधारणा त्याच्या नावावर जमा झाली असती. बारा आठवड्यांनी वेदना ३, निर्देशांक २६. सहा महिन्यांनी ३ आणि २४. वर्षाने ४ आणि २८. ऑस्वेस्ट्रीमध्ये १० अंकांचा आणि वेदनेच्या गुणांत २ अंकांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. आठ आठवड्यांच्या व्यायामानंतरच्या आकड्यांशी ताडून पाहिले तरी वर्षअखेरचा फरक तेवढा भरतो.

त्या पूर्ण दिवस शिकवतात आणि गोळी क्वचित घेतात. लांबच्या प्रवासात बसून राहिल्यावर दुखते. दुखणे कमी झाले आहे, गेलेले नाही. व्यायाम चालूच राहिला होता आणि काळही गेला होता, त्यामुळे सगळे श्रेय पीआरपीला देता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

लिग्नोकेनची निदान-चाचणी एकदाच झाली. एसआय सांध्यात एकाच चाचणीवर विसंबले तर खोटे सकारात्मक निष्कर्ष बरेच निघतात. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ टिकणाऱ्या ब्युपिव्हॅकेनने पुन्हा चाचणी करून आराम त्या प्रमाणात लांबतो का, हे पाहिले असते तर निदान जास्त भक्कम झाले असते. रुग्ण आणखी एक सुई घ्यायला तयार नव्हत्या. पण चाचण्या दोन असतील हे सुरुवातीलाच सांगितले असते तर कदाचित तयार झाल्या असत्या.

पहिले रक्त फिरवण्याआधी सिरिंज उजेडात धरून गुठळ्या पाहिल्या असत्या तर अर्धा तास वाचला असता. शिरा आदल्या भेटीतच तपासून ठेवायला हव्या होत्या.

सांध्यात किती आणि अस्थिबंधांत किती द्यायचे, याचे प्रमाण दाबावरून जागच्या जागी ठरले. कोणत्या भागातल्या द्रवाने काम केले ते त्यामुळे सांगता येत नाही. निदान-चाचणी केवळ सांध्याच्या आतली होती, तर पीआरपीचा मोठा वाटा बाहेर गेला, ही विसंगती पुढच्या रुग्णात टाळता येण्याजोगी आहे: अस्थिबंधांना पोहोचणाऱ्या एस-१ ते एस-३ शाखांची वेगळी चाचणी आधी करावी आणि द्रव त्यानुसार वाटावा.

या रुग्णांचे दुखणे पुन्हा ५ च्या वर गेले तर नियमाने दुसरा पीआरपी द्यायचा नाही, असे नोंदवहीत लिहून ठेवले आहे. आधी याच शाखांची चाचणी होईल. ती सकारात्मक आली तर रेडिओफ्रिक्वेन्सी, नाही आली तर सांध्यातला पीआरपी पुन्हा विचारात घेतला जाईल. दोन्ही गाद्यांना आजवर सुई लागलेली नाही.